दात खरा आहे, पण त्याचा पत्ता? मेगॅलोडॉनवरचे दोन पेपर शेजारी ठेवून वाचताना

पेपर हातात आला की आपण आधी अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचतो, मग आकृत्या बघतो आणि मग उडी मारून निष्कर्षावर जातो. शेवटी जोडलेला डेटाचा तक्ता बहुतेक वेळा उघडलाच जात नाही. आजची पोस्ट त्या तक्त्याबद्दल आहे. उदाहरण मुद्दाम लोकप्रिय विषयातलं घेतलंय: मेगॅलोडॉन नावाच्या महाकाय शार्कचे दात. माझं स्वतःचं काम गाळातल्या सूक्ष्म जीवाश्मांवर आहे, शार्कवर नाही. पण "हे सॅम्पल नेमकं कुठल्या थरातलं?" हा प्रश्न मला रोज पडतो, आणि या दोन पेपरांमधलं भांडण शेवटी त्याच प्रश्नावर येऊन थांबतं.

पहिला पेपर २०१४ चा. कॅटालिना पिमिएंतो आणि क्रिस्टोफर क्लेमेंट्स या दोघांनी तो 'प्लॉस वन'मध्ये छापला. मेगॅलोडॉन कधी नामशेष झाला, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर होतं: साधारण २६ लाख वर्षांपूर्वी. दुसरा पेपर २०१९ चा, रॉबर्ट बोसेनेकर आणि सहकाऱ्यांचा, 'पीअरजे'मधला. त्यांचं उत्तर: साधारण ३६ लाख वर्षांपूर्वी. तब्बल दहा लाख वर्षांचा फरक. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे वापरलेली गणिताची पद्धत मुळात एकच आहे. मग फरक आला कुठून? दातांच्या यादीतून.

दातच का?

शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो. मेल्यावर तो बहुतेक वेळा कुजून जातो. मणके क्वचित टिकतात. दातांची गोष्ट वेगळी. एकेक शार्क आयुष्यभरात हजारो दात टाकते. एक पडला की मागच्या रांगेतला पुढे सरकतो. शिवाय दाताचं बाहेरचं आवरण फ्लोरॅपेटाइट या खनिजाचं असतं, म्हणजे मुळातच कठीण आणि सहज न विरघळणारं. त्यामुळे मेगॅलोडॉनबद्दल आपल्याला जे काही माहीत आहे, त्यातलं बहुतेक दातांवरून आलेलं आहे.

हा टिकाऊपणा वरदान वाटतो, पण तोच डोकेदुखीही आहे. नाजूक शिंपला त्याच्या थरातून सुटला तर लवकरच फुटून जातो. दात फुटत नाही. तो एका थरातून निघतो, पाण्याबरोबर वाहतो आणि लाखो वर्षांनी नव्या गाळात जाऊन निवांत बसतो. भूशास्त्रात याला रीवर्किंग म्हणतात. नवा थर १० लाख वर्षांचा आणि त्यातला दात ५० लाख वर्षांचा, असं सहज होऊ शकतं. दात बघून ते नेहमी कळतंच असं नाही.

खरं तर थरांचा अभ्यास सुरू होण्यात शार्कच्या दातांचा मोठा वाटा आहे. १६६६ मध्ये इटलीत लिव्होर्नोजवळ पकडलेल्या एका शार्कचं डोकं निकोलस स्टेनो याच्याकडे विच्छेदनाला आलं. माल्टासारख्या ठिकाणी खडकांत सापडणारे आणि 'जिभेचे दगड' म्हणून विकले जाणारे त्रिकोणी तुकडे हे शार्कचेच दात आहेत, हे त्याने त्यावरून १६६७ मध्ये मांडलं. पण तो तिथे थांबला नाही. एक घन वस्तू दुसऱ्या घन खडकाच्या आत गेलीच कशी, असं त्याने विचारलं. त्याचं उत्तर शोधताना १६६९ मध्ये त्याने थरांचे नियम लिहिले: खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. थोडक्यात, "हा कोणाचा दात?" यापेक्षा "हा इथे कसा आला?" या प्रश्नातून विज्ञान पुढे गेलं. हे लक्षात ठेवून आता नदीत उतरू.

नदीच्या तळाची मिसळ

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात पीस नावाची नदी आहे. कोरड्या मोसमात पाणी गुडघ्या-कमरेपर्यंत उतरलं की माणसं फावडं आणि चाळणी घेऊन पात्रात उतरतात. तळातली खडी खणायची, चाळणीत टाकायची, पाण्यात हलवायची आणि उरलेल्या गोट्यांत काळा चकचकीत त्रिकोण शोधायचा. शनिवार-रविवारचा हा छंद आहे, सहली निघतात, घरातली लहान मुलंसुद्धा येतात.

त्याच चाळणीत मॅमथच्या दाढेचा तुकडा येतो, हिमयुगातल्या घोड्याचा दात येतो आणि मेगॅलोडॉनचा दातही येतो. मेगॅलोडॉन आणि मॅमथ शेजारी राहत होते, असा याचा अर्थ नाही. ही नदी मायोसीन आणि प्लायोसीन काळातले फॉस्फेटयुक्त समुद्री थर कापते, त्यांच्यावरचे हिमयुगातले थरही कापते, आणि सगळ्यांतला टिकाऊ माल तळाशी एकत्र करते. रंगावरून वय ठरवता येत नाही. दात काळा, करडा किंवा तपकिरी होतो तो आजूबाजूच्या गाळातल्या खनिजांमुळे. "जितका काळा तितका जुना" हे नुसतं ऐकीव आहे.

पाण्याखाली हेच जास्त अवघड होतं. साउथ कॅरोलायनातल्या कूपर नदीत पाणी चहासारखं गडद असतं आणि भरती-ओहोटीचा ओढा जबर असतो. डायव्हर दिव्याच्या उजेडात, वीतभर अंतरावरचं बघत तळ चाचपतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात सुमारे १०० फूट खोलीवरच्या कपारींशी मोठाले दात मिळतात, त्यासाठी लोक खास बोटी करून जातात. हवा मर्यादित, वेळ मर्यादित, ओढा चालू. अशा वेळी दात दिसला की हात आधी दाताकडे जातो. तो खडीत मोकळा पडला होता की मातीच्या थरात घट्ट रुतलेला होता, हे लिहून घ्यायला तिथे वहीही नसते आणि उसंतही नसते.

आता इथला कळीचा मुद्दा. अशा ठिकाणी दात इतके का मिळतात? कारण पाण्याने बारीक वाळू आणि चिखल वाहून नेला आणि जड, टिकाऊ वस्तू मागे ठेवल्या. अनेक मीटर जाडीच्या थरांतले दात हातभर खडीत गोळा झाले. म्हणजे दातांची रेलचेल जिथे आहे, तिथे बऱ्याचदा काळाची नोंद सगळ्यात जास्त पुसली गेली आहे. शिकाऱ्यासाठी जी उत्तम जागा, ती तारीख ठरवणाऱ्यासाठी सगळ्यात वाईट. सॅम्पलची संख्या मोठी असली की आपल्याला धीर येतो. इथे तीच संख्या फसवू शकते.

कायद्यातही ही गोष्ट दिसते. फ्लोरिडात सरकारी जमिनीवर किंवा नदीपात्रात पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म गोळा करायला परवाना लागतो, पण शार्कच्या दातांना त्यातून सूट आहे. उदंड मिळतात, म्हणून ही सूट समजण्यासारखी आहे. पण परिणाम असा की ज्या वस्तू सगळ्यात जास्त उचलल्या जातात, त्यांचीच नोंद कुठे होत नाही. साउथ कॅरोलायनात पाण्याखालून गोळा करणाऱ्या हौशी डायव्हरना परवाना घ्यावा लागतो आणि काय सापडलं याचा अहवाल द्यावा लागतो. अहवाल म्हणजे थराची नोंद नव्हे, पण निदान कोणत्या नदीत काय मिळालं हे कुठेतरी उरतं.

पुटं मोजून काढलेलं वय

पत्ता हरवलेल्या दाताला तारीख चिकटवली की काय होतं, याचं जुनं उदाहरण बघा. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या समुद्रांचा अभ्यास केला. पॅसिफिकच्या खोल तळातून त्यांनी मेगॅलोडॉनचे दात वर काढले. त्यांच्यावर मँगनीजची पुटं चढलेली होती. १९५९ मध्ये चेर्नेझ्की या संशोधकाने 'नेचर'मध्ये त्या पुटांच्या जाडीवरून हिशेब मांडला आणि दोन दातांची वयं साधारण ११ हजार आणि २४ हजार वर्षं काढली. मेगॅलोडॉन अगदी परवापर्यंत जिवंत होता, कदाचित अजूनही असेल, या कल्पनेला त्यातून मोठं बळ मिळालं.

भागाकार बरोबर होता. गृहीतक चुकीचं होतं. पुट हजारो वर्षांत काही मिलिमीटर वाढतं, असं त्यात धरलं होतं. आज आपल्याला माहीत आहे की खोल समुद्रातली अशी पुटं काही मिलिमीटर वाढायला दहा-दहा लाख वर्षं घेतात. शिवाय पुटाचा वेग एकाच ठिकाणीही बदलतो. त्या भागात गाळ इतका हळू साचतो की दात लाखो वर्षं उघडा पडून राहू शकतो. ११ हजार हा आकडा नेमका दिसतो, म्हणून तो विश्वासार्ह वाटतो. नेमकेपणा आणि बरोबरपणा यांतला फरक समजावायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

आता ते दोन पेपर

दोन्ही पेपरांत वापरलेल्या पद्धतीचं नाव ऑप्टिमल लिनिअर एस्टिमेशन. कल्पना सोपी आहे. एखादा प्राणी शेवटचा दिसला, त्याच दिवशी तो संपला असं नसतं. काही काळ तो असतो, फक्त कोणाला दिसत नाही. शेवटच्या काही नोंदींमधली अंतरं बघून प्रत्यक्ष अंत कधी झाला असेल याचा अंदाज बांधायचा. २००३ मध्ये रॉबर्ट्स आणि सोलो यांनी ही पद्धत डोडो पक्ष्यासाठी वापरली होती. डोडो शेवटचा खात्रीने दिसला १६६२ मध्ये. त्यांचा अंदाज आला १६९०.

२०१४ च्या पेपरने हीच पद्धत जीवाश्मांना लावली. मेगॅलोडॉनच्या सगळ्यात अलीकडच्या ४२ नोंदी घेतल्या. प्रत्येक नोंदीला एक नेमकं साल नसतं, 'इतक्या ते इतक्या लाख वर्षांपूर्वी' असा पट्टा असतो. त्या पट्ट्यातून यादृच्छिक तारखा उचलून हजारो वेळा गणित चालवलं. या पेपरची दोन बलस्थानं मला महत्त्वाची वाटतात. अनिश्चितता त्यांनी लपवली नाही, गणितात घेतली. आणि नोंदींची यादी उघड ठेवली.

पण एक फट राहिली. डोडोच्या बाबतीत 'नोंद' म्हणजे कोणीतरी अमुक दिवशी पक्षी पाहिला. तारीख आणि पक्षी एकत्र येतात. दाताच्या बाबतीत तारीख थराची असते आणि प्राणी दाताचा. दोघं एकाच काळातले आहेत, हे सिद्ध करावं लागतं. धरून चालता येत नाही. वयाचा पट्टा कितीही रुंद ठेवला तरी तो थराच्या वयाचाच पट्टा असतो. दात मुळात दुसऱ्याच थरातला असेल, तर खरं वय त्या पट्ट्याच्या पूर्ण बाहेर असू शकतं. यादृच्छिक तारखा दहा हजार वेळा उचलल्या तरी ही चूक धुऊन निघत नाही. वर, या पद्धतीत सगळ्यात जास्त वजन सर्वांत तरुण नोंदींना असतं, आणि रीवर्किंगने नेमक्या त्याच बिघडतात: जुना दात नव्या थरात बसला की तो तरुण दिसतो. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना सारखी विखुरलेली नाही, एकाच दिशेला झुकलेली आहे.

बोसेनेकर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हेच पकडलं. कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या थरांपासून त्यांनी सुरुवात केली आणि एकेक नोंद तपासली. दात कोणी, कुठल्या थरातून काढला? थराचं वय कशावरून ठरलं? दाताच्या कडा झिजल्यात का? ओळख तरी बरोबर आहे का? बऱ्याच उशिराच्या नोंदी या चाळणीतून खाली पडल्या. उरलेल्यांवर पुन्हा तेच गणित केलं आणि तारीख मागे सरकली.

एवढ्याने काय बिघडलं, असं वाटेल. बरंच. २६ लाख ही तारीख प्लायोसीनच्या शेवटाशी जुळते. त्यामुळे त्या सुमाराच्या हवामानबदलाशी, इतर समुद्री प्राण्यांच्या नाशाशी मेगॅलोडॉनचा अंत जोडला गेला. अ‍ॅड्रियन मेलॉट आणि सहकाऱ्यांनी तर त्या काळातल्या एका सुपरनोव्हाच्या किरणोत्सर्गाशी मोठ्या समुद्री प्राण्यांच्या नाशाचा संबंध जोडून दाखवला. तारीख ३६ लाखांवर गेली की मेगॅलोडॉनपुरता हा आरोपी सुटतो, कारण गुन्हा त्याच्या आधीच घडलेला असतो. २०१९ च्या पेपरने त्याऐवजी ग्रेट व्हाइट शार्कच्या प्रसाराकडे आणि त्यातून आलेल्या स्पर्धेकडे बोट दाखवलं. तक्त्यातल्या काही ओळी बदलल्या आणि अख्खी गोष्ट बदलली.

दुसऱ्या पेपरलाही प्रश्न विचारा

इथे थांबलं तर आपण नुसते दुसऱ्या पेपरचे चाहते ठरू. २०१९ च्या पेपरबद्दलही माझ्या तीन शंका आहेत.

एक: तरुण नोंदी काढल्या की तारीख मागे जाणारच, हे गणितातच आहे. म्हणून नोंद काढण्याचे निकष तरुण आणि जुन्या, दोन्ही नोंदींना सारख्याच कडकपणे लावायला हवेत. संशय फक्त तरुण नोंदींवर घेतला तर उत्तर आधीच ठरल्यासारखं होतं.

दोन: गोल गोल फिरण्याचा धोका. "हा दात रीवर्क झालेला असणार, कारण त्या काळात मेगॅलोडॉन नव्हताच" असं म्हणता येत नाही. ते तर सिद्ध करायचं आहे. पुरावा स्वतंत्र हवा. झीज हा एक पुरावा आहे, पण पुरेसा नाही. किनाऱ्यावर लाटांत घोळलेला ताजा दातही झिजतो आणि थोडंच अंतर सरकलेला जुना दात धारदार राहू शकतो.

तीन: पूर्व पॅसिफिकची नोंद कितीही चांगली असली, तरी सगळ्या जगाची ती नोंद नव्हे. एका किनाऱ्यावरून प्राणी आधी जाऊ शकतो आणि दुसरीकडे काही काळ तग धरू शकतो. लेखकांनी इतर भागांच्या नोंदीही तपासल्या आहेत, पण त्यांचा पाया त्यांना सगळ्यात जास्त माहीत असलेल्या प्रदेशात आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावं.

तरीही निवड करायची झाली तर मी २०१९ च्या बाजूने आहे. कारण त्यांनी प्रत्येक नोंदीची कारणं लिहून ठेवली आहेत, त्यामुळे असहमत व्हायचं असेल तर नोंदीनिशी होता येतं. आणि ते शक्य झालं, कारण २०१४ च्या लेखकांनी यादी उघड ठेवली होती. पहिल्या पेपरला कमी लेखायचं कारण नाही.

हरवलेलं परत मिळतं का?

थोडंफार. टायटॅनिस हा न उडणारा अजस्र पक्षी फ्लोरिडाच्या सांता फे नदीच्या तळातून मिळाला आणि १९६३ मध्ये त्याचं वर्णन झालं. नदीत शेजारी हिमयुगातली हाडं असल्यामुळे तो अगदी अलीकडचा, माणसाच्या काळाजवळचा मानला जाई. २००७ मध्ये ब्रूस मॅकफॅडन आणि सहकाऱ्यांनी हाडांतल्या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचं प्रमाण मोजलं. गाडलं गेल्यावर हाड आजूबाजूच्या पाण्यातून ही मूलद्रव्यं शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक थराची एक खूण त्यात उरते. टायटॅनिसची खूण हिमयुगातल्या प्राण्यांशी जुळली नाही. फ्लोरिडातला तो पक्षी साधारण २० लाख वर्षांपूर्वीचा निघाला. शार्कच्या दातांतल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरूनही वय काढता येतं. पण यासाठी नमुन्याचा थोडा भाग खर्ची पडतो, पैसे लागतात आणि प्रत्येक दाताला ते परवडत नाही.

काही गोष्टी मात्र कायमच्या जातात. उदाहरणार्थ, दात जबड्यात कुठे होता हे. फ्लोरिडात शाळेतल्या मुलांनी एकाच मेगॅलोडॉनच्या दातांच्या प्रतिकृती घेऊन प्रचलित सूत्रांनी लांबी काढली, तेव्हा उत्तरं ४० फुटांपासून १४८ फुटांपर्यंत आली. मुलांचं गणित कच्चं नव्हतं. जागा बदलली की ती सूत्रं एकाच प्राण्याची वेगवेगळी लांबी देत होती. त्यातूनच व्हिक्टर पेरेझ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दातांच्या रुंदीवर आधारलेली वेगळी पद्धत मांडली. तिला आधार होता तो एकाच प्राण्याच्या एकत्र सापडलेल्या दातांच्या संचांचा. नदीतला सुटा दात ती माहिती कधीच देऊ शकत नाही.

म्हणून हौशी शिकाऱ्यांना दोष द्यावा का? मला नाही वाटत. टायटॅनिस डायव्हरमुळेच मिळाला. त्या पक्ष्याच्या प्रजातीला वॉलेरी हे नाव बेन वॉलर या डायव्हरवरून दिलंय. संग्रहालयांतल्या शार्कच्या संग्रहांतही हौशी लोकांचा मोठा हात आहे. अडचण दात उचलण्यात नाही. तो चिठ्ठीशिवाय उचलला जातो, विकला जातो आणि पुढे कोणाच्या तरी तक्त्यात जाऊन बसतो, ही अडचण आहे. आणि तक्त्यात तो बसवणारे आपल्यासारखे संशोधक असतात.

आपल्याकडेही हे लागू आहे. ओडिशात बारीपाड्याजवळ बुढाबलंग नदीच्या काठी मायोसीन काळातले समुद्री थर उघडे पडलेत आणि त्यांत शार्कचे दात मिळतात. फील्डवर्कला अशा ठिकाणी गेलात तर थरात रुतलेला दात आणि खाली पात्रात मोकळा पडलेला दात एका पिशवीत घालू नका. दोन पिशव्या, दोन चिठ्ठ्या, शक्य असेल तर दात काढण्याआधी एक फोटो.

आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी किंवा पीएचडीच्या प्रस्तावासाठी तुम्ही दुसऱ्याचा डेटा वापरणार असाल, तर या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या विषयातला एक पेपर घ्या, पुरवणीतला तक्ता उघडा, आणि निष्कर्षाला सगळ्यात जास्त आधार देणाऱ्या पाच ओळी निवडा. प्रत्येक ओळीसमोर लिहा: हे कोणी गोळा केलं, नेमकं कुठून, तारीख वस्तूची आहे की जागेची, आणि ही ओळ काढली तर उत्तर किती हलतं. शेवटच्या रकान्यात मोठा आकडा आणि पहिल्या तीनमध्ये रिकामी जागा दिसली, तर त्याच ओळीपासून तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद सुरू करा.